पिवळ्या अक्षरांतली अंगठी

टिंग.

एवढाच आवाज. स्टीलच्या ताटलीत चार आण्याचं नाणं पडावं तसा, पण त्याहून बारीक. २००२च्या पावसाळ्यात सांगलीतल्या आमच्या वसतिगृहात रात्री दीड-दोनला हा आवाज झाला, की तीन खोल्यांतली चार माणसं एकदम गप्प होत. 'डायब्लो टू' या संगणकावरच्या खेळात राक्षस मेला की त्याच्याजवळच्या वस्तू उडून जमिनीवर पडत आणि प्रत्येकीचा पडण्याचा आवाज निराळा असे. चिलखत धपकन पडे, बाटली किणकिणे, अंगठी टिंग करी. काय पडलं ते कानाला कळायचं. कसलं पडलं, ते मात्र बघावं लागे. 'ऑल्ट'चं बटण दाबायचं आणि जमिनीवर उमटलेल्या नावाचा रंग पाहायचा.

पांढरं नाव म्हणजे साधी वस्तू. निळं म्हणजे मॅजिक. हिरवं म्हणजे एखाद्या सेटमधला नग. सोनेरी म्हणजे युनिक, तिला नाव आणि गुण आधीच ठरवून दिलेले. आणि पिवळं म्हणजे रेअर. माझा जीव या पिवळ्यात अडकला तो तेव्हापासून, आणि तो अजून सुटलेला नाही.

आमच्या खोल्यांमधून निळी केबल फिरवलेली होती. एका खिडकीतून बाहेर, पत्र्यावरून, दुसऱ्या खिडकीतून आत. मध्ये वर्गणी काढून घेतलेला एक हब. इंटरनेट म्हणाल तर ते विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत, तासाच्या हिशेबात. त्यामुळे जगभरचे लोक ज्या बॅटलनेटवर खेळत, तिथे आम्ही कधी पोहोचलो नाही. आमचं जग चार जणांचं. जे पडेल ते आमच्यातच वाटून घ्यायचं, जे पडणार नाही त्याची वाट बघायची. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या खेळाची खरी चव आम्हाला कळली ती या टंचाईमुळेच.

खेळ केला होता ब्लिझर्ड नॉर्थ या कॅलिफोर्नियातल्या चमूने. डेव्हिड ब्रेविक आणि मॅक्स व एरिक हे शेफर बंधू त्यातले प्रमुख. मूळ 'डायब्लो' १९९६-९७च्या सांध्यावर आला, 'डायब्लो टू' जून २००० मध्ये आणि त्याचा विस्तार 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' पुढच्या जूनमध्ये. ब्रेविकच्या डोक्यात बीज होतं ते 'अँगबँड'सारख्या जुन्या, नुसत्या अक्षरांनी काढलेल्या खेळांचं. त्यात पडद्यावर चित्र नसायचं. राक्षस म्हणजे एक अक्षर आणि तलवार म्हणजे एक चिन्ह. पण त्या चिन्हाजवळ जाऊन ते उचललं की ओळी उमटत आणि त्या वाचताना अंगावर काटा येई. चित्र आलं, रक्त आलं, संगीत आलं, तरी वस्तू वाचायची ती सवय 'डायब्लो टू'ने सोडली नाही.

पिवळ्या वस्तूची घडण सांगतो, कारण तिची सगळी गंमत घडणीतच आहे. वस्तूला लागणारे गुण दोन जातींचे: प्रीफिक्स आणि सफिक्स. शाळेत मराठीच्या तासाला शिकलेले उपसर्ग आणि प्रत्यय ते हेच. निळ्या वस्तूला जास्तीत जास्त एक उपसर्ग आणि एक प्रत्यय. पिवळ्या वस्तूला तीन आणि तीन, म्हणजे सहापर्यंत. कोणते सहा, हे यंत्र ठरवणार, आणि प्रत्येक गुणाचा आकडाही यंत्रच फासे टाकून काढणार. नावदेखील तसंच. दोन याद्यांतून एकेक शब्द उचलायचा आणि जोडायचा: 'रेव्हन स्पायरल', 'स्टोन टर्न', 'डूम ग्रास्प'. युनिक वस्तूमागे कुणीतरी बसून विचार केलेला असे. पिवळ्या वस्तूमागे कुणीच नसे. ती पडण्याआधी जगात कुणी पाहिलेली नसायची, खेळ बनवणाऱ्यांनीसुद्धा नाही.

एक बारकावा मला अजून आवडतो. एकाच डावात तीच युनिक वस्तू पुन्हा पडायची वेळ आली, तर खेळ ती देत नसे. तिच्या जागी पिवळी वस्तू देई आणि तिचा टिकाऊपणा नेहमीच्या तिप्पट ठेवी. म्हणजे एखाद्या पिवळ्या ढालीचा टिकाऊपणा फारच जास्त दिसला, की समजायचं, ही सोनेरी व्हायची होती. हे खेळात कुठे लिहिलेलं नव्हतं. वस्तूच्या अंगावर तिच्या जन्माची खूण राहते, हे मला तेव्हाही विलक्षण वाटलं होतं.

आणि पडलेली वस्तू लगेच वाचताही येत नसे. ती 'अनोळखी' असायची. ओळखण्याची गुंडाळी जवळ असेल तर ठीक, नसेल तर गावात डेकार्ड केन नावाच्या म्हाताऱ्याकडे न्यायची. तोवर ती नुसती पिवळ्या नावाची अंगठी. गावाकडे परतताना ती बॅगेत असे आणि डोक्यात घोळत असे. बॅग दहा बाय चार घरांची. चिलखत सहा घरं खाई, अंगठी एक. काय ठेवायचं, काय टाकून द्यायचं याचा निर्णय दर पाच मिनिटांनी घ्यावा लागे. लहान मुलाने खिशातले गोटे ओट्यावर मांडून निवडावेत तसं आम्ही त्या घरांकडे बघत बसायचो.

आता ती अंगठी.

माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र सॉर्सरेस खेळत असे, बर्फाचे मंत्र टाकणारी. मी बार्बेरियन, दांडगा, पुढे घुसणारा. मेफिस्टो नावाच्या राक्षसाला आम्ही रोज रात्री मारायचो. त्याच्या खोलीत एक खंदक आहे. सॉर्सरेसने अलीकडच्या काठावर उभं राहून पलीकडे मंत्र टाकायचे, म्हणजे त्याला नीट पोहोचता येत नाही. मित्राचं काम तेच. फक्त त्याची मंत्र टाकण्याची गती एका जागी अडकली होती. या खेळात ती गती सलग वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढते. सॉर्सरेसचे टप्पे ९, २०, ३७, ६३, १०५ असे. त्याच्याकडे होते ६०. चिलखताचे ३०, हातमोज्यांचे २०, एका अंगठीचे १०. तीन टक्क्यांसाठी पोरगा दोन महिने खोळंबला होता. सायबर कॅफेतून छापून आणलेला टप्प्यांचा तक्ता त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आणि ६३ या आकड्याभोवती लाल पेनाने गोल.

त्या रात्री मेफिस्टो मेला, ढिगारा पडला आणि ढिगाऱ्यात टिंग झालं. नाव पिवळं. त्या काळी पडलेली वस्तू सगळ्यांची असे, जो आधी क्लिक करील त्याची. मी केलं. गुंडाळी जवळ होती, उघडली.

रेव्हन स्पायरल. मंत्रगती १०. ताकद १७. आयुष्य ३३. मंत्रशक्ती (माना) ५८. विजेपासून बचाव २४. थंडीपासून ११.

सहाही जागा भरलेल्या. मी भिंतीवर थाप मारली. तो खोलीतून पळत आला, माझ्या पडद्याकडे वाकून त्याने ते सहा आकडे वाचले आणि काही बोललाच नाही. मी अंगठी जमिनीवर टाकली, त्याच्या सॉर्सरेसने उचलली. ६० चे ७० झाले, ६३ चा टप्पा ओलांडला. खेळ सेकंदाला २५ चौकटींनी (फ्रेमनी) चालतो. त्या अंगठीमुळे त्याचा प्रत्येक मंत्र एका चौकटीने, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाने, लवकर सुटू लागला. इतक्या बारीक फरकासाठी माणूस दोन महिने थांबतो आणि तो मिळाल्यावर सकाळपर्यंत झोपत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती अंगठी चांगली होती असं खेळ आम्हाला सांगत नव्हता. पडद्यावर आजच्या खेळांसारखा हिरवा बाण नव्हता, तारा नव्हता. सहा ओळी होत्या. माझ्या बार्बेरियनला मंत्रगतीचा काडीचा उपयोग नव्हता, त्याच्या सॉर्सरेसला ती सोन्याहून पिवळी होती. वस्तूची किंमत वस्तूत नव्हती, वाचणाऱ्यात होती. रेअर या शब्दाचा मला समजलेला अर्थ तो.

पुढे काय झालं? पिवळ्याच्या घसरणीला आधी घरातूनच सुरुवात झाली. ऑक्टोबर २००३ मध्ये १.१० हा पॅच आला आणि त्याने रूनवर्डना असं बळ दिलं की पिवळ्या वस्तू मागे पडल्या. ठरावीक रून, म्हणजे जादूची अक्षरं कोरलेले खडे, ठरावीक क्रमाने वस्तूच्या खाचांत बसवल्या की ठरावीक ताकदीची वस्तू तयार. जाह, इथ, बेर या तीन रून म्हणजे 'एनिग्मा', आणि ते चिलखत अंगात आलं की कुणीही टेलिपोर्ट करू लागला. पिवळ्याला जागा उरली ती अंगठ्या, माळा, मुकुट, हातमोजे आणि बूट एवढ्यातच. तिथे मात्र ती टिकली. तिन्ही तत्त्वांपासून बचाव आणि वेगाने पळणं, असे पिवळे बूट आजही लोक शोधतात.

ऑनलाइन जगात तर आणखी एक गोष्ट घडली होती. सोन्याच्या मोहरांना काही किंमत नव्हती, म्हणून 'स्टोन ऑफ जॉर्डन' ही युनिक अंगठी चलन झाली. मग तिच्या नकला झाल्या, बेसुमार झाल्या. त्या बाजारातून काढायला १.१०ने युक्ती केली: या अंगठ्या व्यापाऱ्यांना विका, पुरेशा विकल्या गेल्या की डायब्लोचा महाभयंकर अवतार प्रकटेल आणि त्याला मारलंत तर 'अ‍ॅनिहिलस' हा ताईत मिळेल. युक्ती चतुर होती. पण ती करावी लागली यातच पुढच्या वीस वर्षांचं दुखणं दिसतं. जगातल्या सगळ्यांच्या वस्तू एका बाजारात आल्या की स्वतःच्या हाताने मिळालेली वस्तू फिकी पडते.

हे दुखणं उघड्यावर आलं १५ मे २०१२ रोजी. 'डायब्लो थ्री' आला तोच लिलावघर घेऊन. आधी खेळातल्या सोन्याने आणि महिन्याभराने खऱ्या पैशाने. मी तो पहिल्याच आठवड्यात घेतला. दहा दिवसांत माझ्या पात्राच्या अंगावर मी स्वतः शोधलेली एकही वस्तू उरली नव्हती. लिलावघरात जायचं, हवे ते गुण यादीतून निवडायचे, स्वस्तातली घ्यायची. दोन मिनिटांचं काम. सॉर्सरेसला दोन महिने जे मिळालं नाही ते इथे शोधाच्या चौकटीत आकडा टाकला की समोर. आणि ते घालताना काहीसुद्धा वाटलं नाही. टिंग आवाज होता, पण त्याने मान वळायची बंद झाली. बनवणाऱ्यांनाही हे कळलं, हे त्यांच्या मोठेपणाचं. १८ मार्च २०१४ रोजी त्यांनी दोन्ही लिलावघरं बंद केली. त्याच सुमारास लूट २.० आणली. वस्तू कमी, पण पात्राला साजेशा. योद्ध्याला बहुतेक योद्ध्याचेच गुण मिळणार.

साजेशा वस्तू मिळाल्या ही सोय झाली, पण माझ्या मते तिथे एक चूकही झाली. बार्बेरियनला फक्त बार्बेरियनचंच मिळू लागलं, तर शेजारच्या खोलीच्या भिंतीवर थाप मारायचं कारण उरत नाही.

न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ मध्ये आणलेला 'पाथ ऑफ एक्झाइल' मला या बाबतीत खरा वारस वाटतो. पिवळी वस्तू तीच, तीन उपसर्ग, तीन प्रत्यय. चलन म्हणून त्यांनी ऑर्ब दिले. केऑस ऑर्ब चलनही आणि अवजारही, त्याने वस्तूचे गुण नव्याने टाकता येत. कल्पना सुंदर. पण शेवटाकडे जमिनीवर इतकं पडू लागलं की खेळणाऱ्यांनी गाळण्या वापरायला सुरुवात केली. फिल्टर लावायचा, म्हणजे नको ते दिसतच नाही. मग नव्वद टक्क्यांहून अधिक पडलेलं अदृश्य. जी वस्तू पडते आणि दिसत नाही, ती पडली असं म्हणायचं का?

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. 'डायब्लो फोर' खेळत होता, मी शेजारी बसून बघत होतो. अर्ध्या तासात त्याची ३३ घरांची बॅग भरली. इथे चिलखतही एकच घर घेतं आणि अंगठीही एकच. तो लोहाराकडे गेला, एक बटण दाबलं, सगळं मोडीत. मी विचारलं, "वाचून नाही बघत रे?"

"कशाला मामा? आपल्याला काय लागतं ते ठरलेलं असतं. तारा असला तरच बघायचं."

"आणि पिवळं?"

"पिवळं मोडीतच."

यात त्याचा दोष नाही. अर्ध्या तासात पडणाऱ्या ३३ वस्तू कुणीही वाचणार नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही वाचल्या नसत्या. मे २०२४ च्या चौथ्या सीझनमध्ये त्या खेळाची वस्तूंची रचना बदलली. पडलेली वस्तू म्हणजे कच्चा माल, तिच्यावर टेम्परिंगने हवे ते गुण चढवायचे, मास्टरवर्किंगने आकडे वाढवायचे. लोकांनी त्याचं स्वागत केलं आणि पूर्वीच्या पसाऱ्यापेक्षा ते नक्कीच बरं आहे. पण या पद्धतीत वस्तू सापडत नाही, पुरी केली जाते. शेवटी सगळ्यांच्या हाती जवळपास एकच अंगठी येते, कुणाच्या आकड्यात दोन टक्के कमी, कुणाच्या दोन जास्त. तिला पिवळी म्हणा की केशरी, ती दुर्मिळ नाही, महाग आहे. या दोन शब्दांतलं अंतर बनवणाऱ्यांनी ओळखावं असं मला कळकळीने वाटतं.

सगळीकडे अंधार आहे असं अजिबात नाही. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्ण रूपात आलेल्या 'लास्ट इपॉक'ने एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळणाऱ्याला विचारलं: तुला बाजार हवा की नशीब? बाजार हवा असेल तर व्यापाऱ्यांच्या संघात जा. नशीब हवं असेल तर 'सर्कल ऑफ फॉर्च्यून'मध्ये ये, तुला जास्त आणि चांगलं पडेल, पण तिथलं बाजारात विकता येणार नाही. बाजार बंद न करता त्याच्या सावलीपासून पडणाऱ्या वस्तूला वाचवलं. त्याच खेळात एखाद्या युनिकला 'लेजंडरी पोटेन्शियल' लाभलेलं असलं, तर सापडलेल्या दुसऱ्या वस्तूचे गुण तिच्यात उतरवता येतात. कोणते उतरतील हे पुन्हा फाशांवर. दोन सापडलेल्या वस्तू मिळून तिसरी होते आणि तिसरीच्या मागे दोन रात्री असतात. कारागिरी असावी तर अशी.

'पाथ ऑफ एक्झाइल टू' डिसेंबर २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खुला झाला, त्यातही मला आशा दिसली. तिथला केऑस ऑर्ब सगळे गुण पुसत नाही, एक काढतो आणि एक घालतो. वस्तू पुसून कोरी करायची सोय काढून टाकली. त्यामुळे जमिनीवरून उचललेल्या वस्तूचे पहिले दोन-तीन गुण महत्त्वाचे झाले, आणि ते बघण्यासाठी वस्तू पुन्हा वाचावी लागते. वस्तू फार कमी पडतात अशी ओरड झाली, मग त्यांनी प्रमाण वाढवलं. ही ओढाताण चालूच राहील. माझं म्हणणं एवढंच, की ओरड झाली तरी घाबरून नळ पूर्ण सोडू नये.

पुढच्या खेळांत रेअर वस्तू कशी असावी, हे मला कुणी विचारलं तर मी संख्येपासून सुरुवात करीन. एका बैठकीत पाच-सहा पिवळ्या वस्तू पडाव्यात, आणि प्रत्येक वाचण्याइतकी वेगळी असावी. ओळखण्याची गुंडाळी परत आणावी, उगाच काम वाढवायला म्हणून नाही, तर वस्तू हातात आहे आणि कळलेली नाही, अशी ती दोन मिनिटं खेळणाऱ्याला मिळावीत म्हणून. टप्पे ठेवावेत, म्हणजे १० हा आकडा एकाला फुकट आणि दुसऱ्याला अमूल्य ठरतो. दुसऱ्याच्या कामाच्या वस्तूही पडू द्याव्यात. हिसकाहिसकी नको, आम्हीही त्यावरून भांडलो आहोत, दोन दिवस बोललेलो नाही. वस्तू ज्याची त्याला पडावी, पण त्याने ती दुसऱ्याच्या हातावर ठेवायची वाट मोकळी असावी.

आणि एक मागणी जुन्या 'अँगबँड'कडून उसनी घेतो. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत वस्तू तपासली तर खाली एक ओळ दिसते: ही अमुक राक्षसाकडून, अमुक इतक्या खोलवर पडली. बस. एक ओळ. आजच्या संगणकाला ती लिहायला काहीच जड जात नाही. जी वस्तू हजार हातांतून विकली गेली तिच्यावरही ती राहू द्या. कुणाला पडली, कुठे पडली, कोणत्या दिवशी. तिप्पट टिकाऊपणाची ढाल जे मुक्याने सांगायची, ते आता शब्दांत सांगा. पुढचे खेळ बनवणाऱ्यांत आज पुण्या-मुंबईत बसून काम करणारी मराठी मुलंही आहेत. त्यांच्यातल्या कुणी हे वाचत असेल, तर ही ओळ विसरू नका.

'डायब्लो टू: रिझरेक्टेड' २३ सप्टेंबर २०२१ रोजी आला. स्वतःच्या संगणकावर साठवलेल्या जुन्या पात्रांच्या फायली त्यात आणता येतील, असं बनवणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. मित्र आता हिंजवडीत नोकरी करतो. वसतिगृह सोडताना त्याने सॉर्सरेसची फाईल फ्लॉपीवर घेतली होती, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर. काही किलोबाइटची ती फाईल त्याने एकोणीस वर्षं सांभाळली होती. त्या रात्री साडेअकराला त्याचा फोटो आला. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. नव्या, लखलखीत चित्रात सॉर्सरेस उभी होती, आणि तिच्या उजव्या हातातल्या अंगठीवर पिवळ्या अक्षरांत तेच नाव आणि त्याखाली तेच सहा गुण होते.